चारही बाजूंनी पाणी

चहा निम्मा पिऊन झाल्यावर माझ्या लक्षात आलं की हे घर आपलं नाही.

लक्षात आलं ते कॅलेंडरमुळं. आमच्या बाहेरच्या खोलीत त्याच भिंतीवर, त्याच उंचीवर गायवासराचं कॅलेंडर आहे. इथंही गायवासरूच होतं, रंगही जवळपास तोच; पण तारखांच्या भोवतीची अक्षरं गोल, वेटोळी होती. तेलुगू. समोर अक्षरं आली की वाचायची ही माझी खोड. मी ती न कळणारी अक्षरंही एकेक करून न्याहाळत बसलो, आणि मग पाणी ओसरताना दगड उघडे पडत जावेत तशी बाकीची खोली सावकाश दिसायला लागली. खुर्ची वेताचीच, पण हातावर गुंडाळलेली सुतळी निळी. माठ त्याच कोपऱ्यात, तसाच विटांवर, पण त्यावरचा पेला पितळेचा. आणि आल्या आल्या मी त्याच पेल्यानं पाणी प्यालो होतो. आतून भांड्यांचा आवाज येत होता. थोड्या वेळापूर्वी आतून एक बाई आली होती, पदर खोचलेली. तिनं चहा स्टुलावर ठेवला आणि आली तशी आत गेली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मीही तिच्याकडं पाहिलं नव्हतं. चहा नेहमीपेक्षा गोड लागला, तेव्हा आज आमच्या सुनेनं, तारानं केला असेल, एवढंच मनात येऊन गेलं होतं.

भिलाईत ही चूक नवी नाही. सेक्टर दहामधली क्वार्टरं एका साच्यातून काढल्यासारखी आहेत. सडकेमागून सडक तोच ओटा, तोच हिरवा दरवाजा, तीच जाळीची खिडकी. लावलेली झाडं अजून विटांच्या कुंपणात गुडघ्याएवढी, त्यामुळं खूण म्हणून त्यांचाही उपयोग नाही. रातपाळीहून आलेला एक सरदारजी दुसऱ्याच्याच पलंगावर झोपून गेला आणि घरमालकानं त्याला उठवून जेवायला वाढलं, ही गोष्ट माझा मुलगा चंपत पुन्हा पुन्हा सांगतो. ती ऐकून मीही हसलो होतो. पण सरदारजी कारखान्यात राबून आलेला होता, त्याला झोप अनावर झाली होती. मी वाचनालयातून चालत आलो होतो, डोक्यात काहीबाही घोळवत. माझ्यासारख्या रिटायर माणसाला चुकायला काय कारण होतं?

मी उठायला हवं होतं, आत हाक मारून माफी मागायला हवी होती. कोणत्या भाषेत, यावर मी अडलो. मग हिंदी वाक्य मनात जुळवलं, ते फार सरकारी वाटलं, ते मोडलं. या सगळ्यात मी उरलेला चहा पिऊन टाकला. टाकून जाणं बरं दिसलं नसतं. नंतर चपला हातात घेऊन ओटा उतरलो आणि कोपऱ्यावर वळल्यावर त्या पायात घातल्या.

आमची सडक पलीकडचीच. दार उघडंच होतं. मी खुर्चीवर बसलो. गायवासराचं कॅलेंडर पाहिलं, त्याच्यावरचं नागपूरच्या कापडवाल्याचं नाव दोनदा वाचलं. थोड्या वेळानं भागीरथा, माझी बायको, आतून आली. तिनं चहा स्टुलावर ठेवला आणि आली तशी आत गेली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

पलीकडच्या घरातली ती बाई मला आपला सासरा समजली असेल, नाहीतर नवरा. कुणीतरी येऊन खुर्चीत बसलं, चहाची वेळ झाली, चहा ठेवला. यात तिचं काही चुकलं नाही. पण मग भागीरथेनंही तेच केलं होतं. माझ्या जागी त्या घरचा म्हातारा येऊन बसला असता, तरी तिनं याच हातानं हाच कप याच स्टुलावर ठेवला असता. मी दुसराही चहा प्यालो. कुणाला काही सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी चंपतनं पुन्हा विचारलं. तो रोलिंग मिलमध्ये आहे, बोलतोही तसाच, एका दमात, लोखंड तापलेलं असेपर्यंत. "बाबूजी, फिर क्या सोचा? सोमवारले दुर्गला पासाचा अर्ज द्याचा हाय. पास एकच भेटते सालभरात. मुंबई टाकू का कलकत्ता?"

हे जहाजाचं प्रकरण त्यानंच काढलेलं. आम्ही दोघांनी समुद्र पाहिलेला नाही. माझा जन्म वैनगंगेच्या काठचा, तिचा तिथून दोन कोसांवरचा. सगळी नोकरी गोंदियाच्या आसपासच्या स्टेशनांवर गेली. आता रेल्वेचा पास आहे, दिवस मोकळे आहेत, हातपाय चालताहेत, तोवर मायबाबूजींनी एकदा जहाजात बसून यावं, अशी त्याची हौस. दुर्गहून गाडी दोन्हीकडे जाते. पश्चिमेला मुंबई, तिथून कोकणातली आगबोट थेट गोव्यापर्यंत. गोवा नुकतंच मोकळं झालेलं. ती आगबोट वाटेत बंदर आलं की उभी राहते, किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे लहान होड्या, येतात, माणसं उतरतात, चढतात. भागीरथेचा भाचा मुंबईत माझगावला असतो, तो म्हणाला होता की रत्नागिरीला उतरा, मालवणला उतरा, हवं तिथं मुक्काम करा, पुढची बोट घ्या. पूर्वेला कलकत्ता, तिथून अंदमानचं मोठं जहाज. माझा पुतण्या नत्थू पोर्ट ब्लेअरला ओव्हरसियर आहे. तो कधीपासून बोलावतोय. पण त्या वाटेवर बंदर नाही. एकदा नदी संपून समुद्र लागला की तीन दिवस फक्त पाणी.

"काळ्या पाण्यावर पाठवून राहिला का मायबापाले?" तारा आतून म्हणाली. ती चंपतला अशी टोचत असते.

"अवं, आता तिथं सजा नाई भेटत. आराम भेटते, आराम," चंपत म्हणाला. "डेकवर खुर्ची टाका, पाय पसरा, बस. बाबूजी पुस्तक वाचतील, माय बसंल. क्या फिकर?"

माय बसेल. मी पुस्तक वाचीन. तीन दिवस. मी म्हणालो, "पाहू." मला आयुष्यात हा शब्द फार उपयोगी पडला आहे.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन नकाशांचं मोठं पुस्तक काढलं. आमच्या सेक्टरचं वाचनालय लहान आहे, पण कारखाना उभारायला आलेल्या रशियन लोकांमुळं तिथं जाडजूड, चांगल्या कागदाची पुस्तकं आली आहेत. बंगालचा उपसागर एका पानावर मावत नव्हता, मधल्या शिवणीत गेला होता. निळा, नुसता निळा. त्यात खोलीचे आकडे आणि काही नाही. पलीकडचं पान उलटून कोकणपट्टी पाहिली तर किनाऱ्याला मुंग्या लागल्यासारखी बंदरांची नावं. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड. ती वाचताना मला बरं वाटायला लागलं. हे मला येतं. मी स्टेशन मास्तर होतो. काहीतरी येतं, थांबतं, माणसं उतरतात, चढतात, कुणाची वळकटी राहते, कुणाचं मूल रडतं, शिट्टी होते. त्या गडबडीत मला काय करायचं ते ठाऊक असतं. पडाव आला की मी भागीरथेचा दंड धरीन, "सांभाळून" म्हणेन, पिशवी घेईन, मासळीचा भाव विचारीन, आम्ही मासळी घेत नसलो तरी. "चाल चाल, बोट सुटंल," म्हणेन. दोन बंदरांच्या मधे ती थकून झोपेल. तेवढ्यात पुढचं बंदर येईल.

आणि दुसरं जहाज? मी त्यात स्वतःला बसवून पाहिलं. सकाळ. लोखंडी कठडा. ती समोर, मी समोर. मी पुस्तक उघडतो. वारा पान उडवतो. ती म्हणते, काय वाचून राहिले? मी सांगतो. ती "हं" म्हणते. नंतर? दुपार होते. पाणी तसंच. मी इंजिनाबद्दल काही सांगतो. ती "हं" म्हणते. नंतर संध्याकाळ, आणि अजून दोन दिवस शिल्लक. माझ्या तळव्यांना घाम आला, नकाशावर ओला ठसा उमटला आणि मी तो घाईनं बाहीनं पुसला. भांडण असतं तर बरं झालं असतं. आमच्यात भांडण नाही, एकमेकांपासून लपवलेलं काही दुःख नाही. असतं तर तीन दिवसांत ते निघालं असतं, रडणं झालं असतं, बोलायला काही मिळालं असतं. आमच्यात काहीच नसलं तर? मला भीती होती ती याची. इतकी वर्षं मधे सामानसुमान होतं, मुलं होती, गाड्या होत्या, म्हणून ते दिसलं नाही. आणि पाण्यावर, दुसरं काही पाहायला नसताना, दोघांनाही एकदमच दिसलं तर?

सुरुवातीची नोकरी लहान गाडीच्या लाईनवर झाली, गोंदिया ते नागभीड. एकेरी लाईन. समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांतली एक स्टेशनात येऊन बाजूच्या रुळावर उभी राहायची, दुसरी निघून जायची. दोन्ही ड्रायव्हर एकमेकांना हात करायचे. आमचा संसार त्याच तऱ्हेनं झाला. मी ड्यूटीवरून यायचो तेव्हा ती पाण्याला निघालेली असायची. मी झोपायचो तेव्हा ती मुलांना गप्प करायची. मी उठायचो तेव्हा डबा भरलेला असायचा आणि ती मागच्या अंगणात गोवऱ्या थापत असायची. हात करणंही नव्हतं. मला ते कधी खटकलं नाही, खरं तर सोयीचंच वाटलं. मी मुळात बोलका नाही. कुणी एकटक पाहिलं की मला आपल्या अंगावर काही सांडलंय का असं वाटतं. तिकिटाच्या खिडकीच्या जाळीआड मी सुखी होतो.

रिटायर होऊन चंपतकडं आलो आणि जाळी गेली. एक बाहेरची खोली, एक आतली, एक सैपाकघर. म्हणून मी सकाळी वाचनालयात जातो, दुपारी पुन्हा जातो, मधे कधी बसनं दुर्गच्या स्टेशनवर जाऊन बाकावर बसतो. तिथं मेल येते, पॅसेंजर येते, मला काहीही करायचं नसतं तरी गाडी सुटेपर्यंत मी उभा राहतो. घरी सांगतो, जुने लोक भेटतात. भेटत नाहीत.

त्या आठवड्यात मी एक वेडेपणा केला. आधी टोपी काढून पाहिली. मी घरातही काळी टोपी घालतो, टक्कल आहे म्हणून. त्या दुपारी ती खिशात घडी करून ठेवली आणि उघड्या डोक्यानं खुर्चीत बसलो. भागीरथा आली, चहा ठेवला, गेली. दुसऱ्या दिवशी खुर्ची उचलून खिडकीपाशी नेली आणि दाराकडं पाठ करून बसलो. ती आली, जरा थांबली, स्टूल खिडकीपाशी सरकवलं, चहा ठेवला, गेली. मी त्या कपाकडं पाहत राहिलो. चहा मला आला होता की खुर्चीला? एवढ्या साध्या गोष्टीचा पुरावा मिळेना. तिला हाक मारून विचारावं, तर काय विचारणार? मी कोण आहे ते सांग?

शुक्रवारी बाजारात एक रशियन जोडपं पाहिलं. त्यांच्याकडं आता कुणी वळून पाहत नाही, भाजीवालीसुद्धा त्यांच्याशी "भांटा लेबे का" म्हणून छत्तीसगढीतच बोलते आणि ते वांगी घेतात. हे दोघं माझ्याच वयाचे. पुरुष लठ्ठ, लाल मानेचा, बाई गुडघे सुजलेली. सिमेंटच्या बाकावर बसून कागदातले शेंगदाणे खात होते. बोलत नव्हते. मी चप्पल दुरुस्त करायला दिली होती, त्या निमित्तानं एका पायावर उभा राहून पाहत राहिलो. बोलत नव्हतेच. एकदा त्यानं टरफल फुंकलं ते तिच्या मांडीवर पडलं, तिनं ते झटकलं. बस. पण त्यांना घाई दिसेना. पलीकडं कारखान्याच्या चिमण्यांतून निघालेला तांबूस धूर आडवा पसरला होता, दोघंही तिकडं पाहत होते, तो जणू त्यांच्या गावाकडचाच डोंगर असावा तसे. मला त्यांचा हेवा वाटला आणि लगेच धास्ती वाटली. हे काहीतरी वेगळं शिकलेले लोक असतील. आपल्याला हे जमायचं नाही. मोचीनं चप्पल दिली, मी ती घाईनं पायात घातली, आणि घरी येऊन चंपतला म्हणालो, "मुंबईचा टाक. बंदरं पाहाले भेटतील. तुझ्या मायले गंमत वाटंल."

"पक्का?"

"पक्का."

एवढं ठाम मी क्वचित बोलतो. त्यानं माझ्याकडं जरा चकित होऊन पाहिलं. मला वाटलं, आता शांत झोप लागेल. लागली नाही. आपण भागीरथेचं नाव पुढं केलं, ते मनात रुतून राहिलं. तिला खरंच गंमत वाटेल, असं मी स्वतःला समजावत राहिलो. तिला बाजार आवडतो. तिला बांगड्या आवडतात. आवडतात ना? गोंदियाला घेतलेल्या त्या कोणत्या रंगाच्या होत्या? हिरव्या सगळ्याच असतात.

सोमवारी चंपतची दुपारपाळी होती. अर्ज देऊन परस्पर कामावर जायचं म्हणून तो लवकर जेवायला बसला. मी बाहेर वर्तमानपत्र धरून बसलो होतो. भागीरथा त्याला वाढून बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. पदराला हात पुसत होती, पण ते कोरडेच होते.

"गंमत कोणाले वाटंल म्हणले तुमी?"

"कशाची?"

"बंदरायची. तारा सांगून राहिली."

"तुले," मी म्हणालो. "बाजार असते. उतराले भेटते."

"मले इचारलं?"

मी वर्तमानपत्राची घडी केली, ती नीट बसली नाही, म्हणून पुन्हा उलगडली. आतून चंपतच्या जेवणाचा आवाज थांबला.

"मी कुठंच उतरनार नाई," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगावं तसं ती बोलत होती. "सारा जलम उतरूनच राहिली ना मी. तुमच्या बदल्या. पलंगाचे पाय सोडा, जातं उतरवा, तुमचे पुस्तकाचे खोके उतरवा. त्यायले पाणी लागू नाई द्याचं, माणसाले लागलं तं लागू द्या. वडसा झालं, सौंदड झालं, आमगाव झालं, सालेकसा झालं. गेलं का पयले पाणी कुठं, मंग दूध कुठं, मंग दाई कुठं. जरा ओळख झाली का पुना बांधा. अन् आता रिटायर होऊन तुमी मले अजून धा टेशनं दाखवून राहिले. मले बसवून द्या एका जागी अन् जाऊ द्या त्याले जिकडं जाचं तिकडं."

"तिकडं पाहाले काही नसते," मी म्हणालो. "तीन दिवस. चारही बाजूनं पाणीच."

"तेच तं."

"तेच तं म्हणजे?"

"मंग तुमी जाल कुठं?" ती म्हणाली. "तिथं वाचनालय नाई. दुर्गचं टेशन नाई. अप्पलम्माचं घर नाई."

मला आधी ते नाव कळलं नाही. मग कळलं. कानामागून काहीतरी गरम खाली मानेपर्यंत उतरलं. "कोण अप्पलम्मा?" मी तरीही म्हणालो.

भागीरथा हसली. तोंडावर पदर घेऊन हसली, खांदे हलले. तिला असं हसताना मी शेवटचं कधी पाहिलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला, आणि तेवढ्यात हसणं संपून जाईल या भीतीनं तो सोडून दिला. "मागच्या सडकेची. रोज भेटते मले दुधाच्या लायनीत. दुसऱ्याच दिवशी सांगतलं तिनं. म्हणे, तुम्हारा बुड्ढा हमारे घर आया, पानी पिया, बैठ गया. हम बोलेगा तो शरमाएगा, इसलिए चाय दिया, चुप रहा."

"तिनं पाहिलं नाई माझ्याकडं."

"पाहिलं नाई कशी? तुमी दारात चपला काढून राहिले तवाच पाहिलं. मुद्दाम नाई पाहिलं मंग. पावणा म्हणून साखर जास्त घातली म्हणे. रेशनची साखर, जी. अन् तुमी तिले राम राम नाई केला. चपला हातात घेऊन पळाले."

तेही पाहिलं होतं म्हणजे. मी वर्तमानपत्राकडं पाहत राहिलो. छापलेलं सगळं तेलुगू झालं होतं. "तू मले सांगतलं नाई," मी कसाबसा म्हणालो.

"तुमी सांगतलं? आमच्या इथंही दुसरा चहा पेले गुपचूप. पोट भरलं होतं तरी पेले. मी तवाच म्हणलं, यायचं काईतरी झालं. मंग अप्पलम्मा बोलली. म्हणलं, आज सांगतील, उद्या सांगतील. टोपी काढून बसले, मले वाटलं आता सांगतील. खुर्ची नेली खिडकीपाशी, पाठ करून बसले रुसल्यावानी. म्हणलं, बसा. स्टूल दिलं सरकवून."

"तू तं पाहतच नाईस कधी," मी म्हणालो. हे वाक्य तोंडातून निघून गेलं आणि मी दचकलो. ते इतकं उघडंनागडं निघालं, की परत घ्यायलाही काही धरायला नव्हतं.

ती म्हणाली, "तुमच्याकडं पाहिलं का तुमी उठून चालले जाता. लगनापासून पाहून राहिली मी. म्हणून नाई पाहात."

आतून पाण्याचा गडवा खाली ठेवल्याचा आवाज झाला. कारखान्याकडून मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत गेले, लांबपर्यंत, एकामागून एक. मला हायसं वाटायला हवं होतं. गोष्टींमध्ये अशा वेळी माणसाला हायसं वाटतं. मला मात्र पहिल्यांदा भीतीच वाटली, आधीपेक्षा मोठी. जाळीआड मी बसलो होतो तेव्हा जाळीच्या पलीकडून सगळं दिसत होतं तर. वडशाला, सौंदडला, झोपेत, डबा उघडताना, पुस्तकात तोंड खुपसताना. तिला इतकं माहीत आहे, आणि तिच्याबद्दल मला काय माहीत आहे? बांगड्यांचा रंगही नाही. ती तीन दिवस समोर बसली तर मीच उघडा पडेन. त्या निळ्या पानावर, खोलीच्या आकड्यांच्या मधे.

चंपत हात पुसत बाहेर आला. त्यानं सगळं ऐकलं असणार, पण चेहऱ्यावर काही नव्हतं. पोरगा या बाबतीत मायवर गेलाय. "बाबूजी, मेरी बस निकल जाएगी. बोला पटकन. मुंबई का कलकत्ता?"

"पाहू" हा शब्द जिभेवर आला. मी भागीरथेकडं पाहिलं. ती कॅलेंडरवरच्या गायीकडं पाहत होती. तिनं मला ढकललं नाही. नुसती उभी राहिली. कपाळावरच्या कुंकवाखाली एक बारीक आडवी सुरकुती होती आणि ती मी ओळखत नव्हतो.

"कलकत्ता," मी म्हणालो.

"पक्का?"

"जा तू. बस जाईल."

तो गेला. त्याच्या बुटांचा आवाज सडकेवर जाऊन दुसऱ्या बुटांच्या आवाजात मिसळला. पाळीवर जाणारी सगळी माणसं एकाच वेळी निघतात. मी उठलो. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं, पाय आपोआप चपलांकडं गेले. वाचनालय सोमवारचं बंद असतं, हेही आठवलं नाही.

"बसा," भागीरथा म्हणाली.

मी बसलो. ती आत गेली, स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. ताराला तिनं काहीतरी हळू सांगितलं आणि तारा हसली. मग ती दोन कप घेऊन बाहेर आली. एक स्टुलावर ठेवला. दुसरा खाली ठेवून तिनं भिंतीला टेकवलेला पाट ओढला, माझ्या खुर्चीच्या समोर, दाराच्या आणि माझ्या बरोबर मधे, आणि त्यावर बसली. कप उचलला. आणि माझ्याकडं पाहिलं.

वर्तमानपत्र तिच्या पलीकडं पडलं होतं. टोपी डोक्यावर होती, तरी मी हात लावून पाहिली.

"काय बोलू?" मी विचारलं.

"काही नोका बोलू. तीन दिवसाची सवय करून राहिली मी."

तिचे डोळे तपकिरी आहेत. मी काळे समजत होतो. मी ते थोडा वेळ सहन केले, मग खाली पाहिलं, कप उचलला, पुन्हा वर पाहिलं. ती तिथंच होती. मी पहिला घोट घेतला. साखर जास्त होती.